भरपाईच्या दराआधी एक-चौदाचा उतारा काढा

पेडणे तालुक्यातून एकाने विचारलं आहे. त्यांच्या गावातून नवा रस्ता जातो आहे. घरची साधारण १,२०० चौरस मीटर जागा त्यात जाणार: थोडी भातशेती, थोडं भरड, कडेला सात माड आणि दोन काजू. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, नवा कायदा चांगला आहे, चौपट मिळतं, मुकाट्याने घ्या. दुसरा म्हणतो, सरकार लुबाडतंय, कशावरही सही करू नका. यांना कळत नाही की खरं कोणाचं, आणि आपल्यावर अन्याय होतोय हे ओळखायचं कशावरून.

मी डिचोलीत वकिली करतो. सुरुवातीची सहा वर्षं सरकारच्या बाजूने भूसंपादनाच्या फायली लिहिल्या, पुढची बावीस वर्षं जमीन जाणाऱ्यांच्या बाजूने. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की गोव्यात लोक दरासाठी भांडतात, पण बुडतात ते नावामुळे. तरीही आधी दराचंच बोलतो, कारण तुमच्या डोक्यात तेच आहे.

चौपट कुठून येते? २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात आधी बाजारभाव ठरवायचा. ग्रामीण भागात त्याला १ ते २ मधल्या एका गुणकाने गुणायचं. हा गुणक प्रकल्प शहरापासून किती लांब आहे ते पाहून सरकार अधिसूचनेने ठरवतं. त्यात झाडं, घर, विहीर यांची किंमत मिळवायची, आणि जी बेरीज येईल तेवढीच रक्कम पुन्हा सोलेशियम म्हणून, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई म्हणून, द्यायची. शिवाय बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, सामाजिक परिणाम अभ्यासाची अधिसूचना निघाल्यापासून निवाड्यापर्यंत (भरपाई ठरवणारा जिल्हाधिकाऱ्याचा आदेश) किंवा ताबा घेईपर्यंत, जे आधी होईल ते.

तुमच्या जागेचा हिशेब करून पाहू. दर समजा मीटरला १,००० रुपये (आकडा फक्त हिशेबासाठी, भावाचा अंदाज समजू नका). जमिनीचे १२ लाख झाले, झाडांचे धरू १ लाख. गुणक १ असेल तर १३ लाखांचे २६ लाख. गुणक २ असेल तर जमीन २४ लाख, झाडं १ लाख, मिळून २५, त्याचे ५० लाख. प्रक्रियेत दीड वर्ष गेलं तर १२ टक्क्यांचे वरचे २ लाख १६ हजार. म्हणजे चौपट होते ती फक्त जमीन, तीही गुणक २ असला तरच. माड कधीच चौपट होत नाही, तो दुप्पटच राहतो. तेव्हा चौपट म्हणणाऱ्याला एकच विचारा, आपल्या गावाला गुणक कितीचा लागला आहे आणि ती अधिसूचना कुठे आहे. आमच्याकडे ही गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण पर्वरीच्या आसपासचं किंवा किनाऱ्यालगतचं पंचायत क्षेत्र कागदावर गाव असतं आणि भावाने शहर.

गुणाकाराने डोळे दिपतात, पण ज्याला गुणायचं तो आकडाच लंगडा असला तर काय? बाजारभाव ठरवताना मुद्रांक शुल्कासाठीचा दर पाहतात आणि मागच्या ३ वर्षांत त्या गावात किंवा लगतच्या भागात तशाच जमिनीची जी खरेदीखतं नोंदली गेली, त्यांतल्या वरच्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी पाहतात. जास्त असेल ते घ्यायचं. ऐकायला एकदम सरळ. गोम आहे 'तशाच जमिनीची' या दोन शब्दांत.

गोव्यात भातशेतीची खरेदीखतं मुळात होतातच किती? कुळाकडची शेतं १९९१ च्या जमीन वापर नियमन कायद्याने शेतीलाच बांधलेली. त्यावर २०२३ चा कायदा आला, भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. शेती वाचावी म्हणून हे कायदे झाले आणि मला ते पटतात. पण त्यांचा एक परिणाम असा की संपादनाच्या वेळी तुमच्या शेतासारख्या शेताचं खतच सापडत नाही, आणि सापडलं तर भाऊबंदांत कमी किमतीला झालेलं असतं. दोनशे मीटरवर सेटलमेंट झोनमधला, म्हणजे घरं बांधता येणारा, प्लॉट वीसपट भावाने विकला गेलेला असतो, पण तो 'तशी जमीन' नाही म्हणून बाजूला ठेवतात. रस्ता होतो. ज्याचं शेत रस्त्यात गेलं त्याला भाताचा दर मिळतो. ज्याचं शेत रस्त्याच्या कडेला उरलं तो पाच वर्षांनी झोन बदलून घेतो आणि प्लॉट पाडतो. माझ्या मते गोव्यातल्या भूसंपादनातला दराबाबतचा सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे, आणि गुणक २ केला तरी तो भरून निघत नाही.

यात आपलाही हात आहे, तेवढं कबूल करू. खत करताना निम्मे पैसे कागदावर आणि निम्मे पिशवीतून, ही सवय कोणाची? तुमच्या शेजाऱ्याने मुद्रांक वाचवायला किंमत कमी लिहिली, आता त्याच खताची प्रत भूसंपादन अधिकारी तुमच्यासमोर धरतो. मी सरकारी बाजूला होतो तेव्हा मीही धरली आहे.

यावर उपाय असा. निवाड्याची वाट पाहू नका. आजच उपनिबंधकाच्या कार्यालयातून तुमच्या आणि शेजारच्या गावांतल्या ३ वर्षांच्या खतांच्या प्रमाणित प्रती काढा. जास्त किमतीची खतं निवडून नकाशावर ठिपके मांडा, तुमच्या जागेपासून अंतर लिहा. रस्ता, वीज, पाणी तुमच्या जागेपर्यंत आलेलं आहे का, ते लिहा. संपादन सुरू करण्यापूर्वी त्या भागाचे बाजारभाव अद्ययावत करून घेण्याची जबाबदारी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यावर टाकली आहे. ते केलं का, असं पहिल्याच हरकतीत लेखी विचारा. तोंडी विचारलेलं फायलीत येत नाही.

आता नावाकडे येतो.

तुम्ही लिहिलंय 'घरची जागा'. मी विचारतो, एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, कोणाचं नाव आहे? बहुतेक घरांत उत्तर येतं, आजोबांचं. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, चार मुलगे, तीन मुली, त्यातला एक आखातात, एक मुंबईला, एकाची मुलं पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन इंग्लंडात. म्युटेशन (वारसांची नावं चढवणं) झालेलं नाही, वाटण्या झालेल्या नाहीत. नोटीस निघते आजोबांच्या नावाने, चिकटते पंचायतीच्या फळ्यावर. जाहिरात ज्या दिवशी पेपरात येते त्या दिवशी आपण नेमका तो पेपर घेतलेला नसतो.

एक-चौदाचा उतारा, म्हणजे फॉर्म एक व चौदा, १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली झालेल्या सर्वेक्षणातून आला. त्यावरची नोंद खरी असं कायदा मानून चालतो, ती चुकीची हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. त्या सर्वेक्षणाच्या वेळी जो बांधावर उभा होता त्याचं नाव लागलं. भाटकार, म्हणजे जमीनमालक, मडगावला होता, त्याचं राहिलं. कूळ कामावर गेलं होतं, त्याचं राहिलं. पोर्तुगीज काळातली मात्रीजची नोंद, आफ्रामेंतचा कागद, देस्क्रिसांव, हे सगळे जमिनीचे जुने कागद ट्रंकेत असतात आणि उताऱ्यावर नसतात. भूसंपादनाच्या कारकुनाला ट्रंक दिसत नाही.

पेडण्यातलीच एक गोष्ट सांगतो, गाव आणि नाव सोडून. मोजणीच्या दिवशी मी तिथे होतो. सर्व्हेयर, बांधकाम खात्याचा कनिष्ठ अभियंता, दोन पंच. आंब्याखाली एक कौलारू घर, मातीच्या भिंती, पुढे सारवलेलं अंगण, तुळस. दारात एक म्हातारी बसली होती, तांदूळ निवडत. पंचनाम्यात लिहिलं गेलं: 'एक जुने कौलारू घर, भाटकाराचे.' म्हातारीला कोणी विचारलंच नाही. तिची सासू त्या घरात नांदून गेली होती. ती मुंडकार होती, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारी. १९७५ च्या मुंडकार कायद्याने तिला त्या घरातून हलवता येत नव्हतं, घर आणि भोवतालची जागा विकत घ्यायचाही हक्क होता. फक्त नोंद कधी केली नव्हती. भाटकाराशी संबंध चांगले होते, मग कागद कशाला करायचा? मी सर्व्हेयरला म्हटलं, लिहा 'ताबा अमुकचा, मुंडकार असल्याचं सांगते.' तो म्हणाला, उताऱ्यावर नाही. शेवटी तिने आतून एक डबा आणला, बिस्किटांचा, त्यात घरपट्टीच्या पावत्या, सगळ्या घड्या घालून सुतळीने बांधलेल्या. त्या पावत्यांचे नंबर पंचनाम्याच्या खाली लिहून घेतले, म्हातारीचा अंगठा घेतला. तेवढ्या दोन ओळींवर पुढे मामलेदाराकडे मुंडकार म्हणून घोषणा मिळाली. चार वर्षं लागली. त्या दोन ओळी नसत्या तर घराचे पैसे भाटकाराच्या वारसांना गेले असते, आणि ते वारस भले लोक असल्यामुळे तिला काहीतरी दिलंही असतं. पण हक्क म्हणून मिळणं आणि काहीतरी मिळणं यात फरक आहे.

नवा कायदा या बाबतीत उदार आहे, हे मान्य करायला हवं. बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक नव्हे. कूळ, भाडेकरू, तिथे राबणारा, संपादनापूर्वी ३ वर्षं त्या जमिनीवर ज्याची उपजीविका होती तोही त्यात येतो. कुळाच्या बाबतीत आपल्याकडे १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची पाचवी दुरुस्ती आहेच. २० एप्रिल १९७६ हा दिवस धरून कूळ मालक मानलं गेलं. पण कायद्याने मानलं आणि मामलेदाराने लिहून दिलं, या दोन गोष्टींमध्ये हजारो शेतं अजून लोंबकळत आहेत. अशा शेताचा निवाडा झाला की भाटकार आणि कूळ दोघेही दावा करतात, अधिकारी हात वर करून रक्कम प्राधिकरणात (भूसंपादनाचे वाद ऐकणारं न्यायपीठ) जमा करतो, आणि पैसे तिथे पडून राहतात. दोन्ही बाजूंना माझा सल्ला एकच असतो. वाटा कितीचा ते निवाड्याआधी बसून ठरवा, सह्यांचं निवेदन द्या, निवाड्यातच त्या वाट्याने रक्कम लिहून घ्या. कायद्यात त्याची सोय आहे. भांडून मिळणारे १०० टक्के तुमच्या नातवाला मिळतात.

आणि बायकांचं. हे गोव्याबाहेरच्या वकिलांना पटकन ध्यानात येत नाही. आपल्याकडे अजून पोर्तुगीज नागरी संहितेचा कुटुंबविषयक भाग चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, वडिलोपार्जितसुद्धा. म्हणजे एक-चौदावर तुमचं एकट्याचं नाव असलं तरी निम्मी जागा तुमच्या पत्नीची आहे. जमीन विकायची तर तिची सही लागते. मग संपादनाच्या भरपाईचा धनादेश एकट्या नवऱ्याच्या नावाने का निघतो? कारण कोणी मागत नाही. तुमच्या घरी नोटीस आली की पत्नीच्या नावाने वेगळा दावा दाखल करा. बहिणींचाही करा. मुली लग्न होऊन गेल्या म्हणून त्यांचा वाटा जात नाही, हे आपल्या संहितेत फार आधीपासून आहे. मी एका घरात पाहिलंय: थोरल्याने रक्कम उचलली, घराला स्लॅब घातला, बहिणींनी तीन वर्षांनी दावा लावला. आता चतुर्थीला माटोळी बांधायलाही ती भावंडं एकत्र येत नाहीत.

वारस बरेच असतील तर इन्व्हेंटरीची, म्हणजे कोर्टातून वारस आणि वाटे ठरवून घेण्याची, प्रक्रिया आत्ताच सुरू करा. निवाड्यानंतर सुरू केलीत तर पैसे जमा आणि तुम्ही कोर्टात. जमीन कोमुनिदादीची (गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) असेल तर रक्कम कोमुनिदादीच्या तिजोरीत जाते आणि भाडेपट्ट्याने कसणाऱ्याने आपलं नुकसान वेगळं मांडावं लागतं. देवस्थानची असेल तर महाजनांची सभा, ठराव, तो वेगळाच पंथ, इथे नको.

सगळ्यात वाईट अवस्था कोणाची, माहीत आहे? ज्यांच्यासाठी भूसंपादनच करावं लागत नाही त्यांची. सत्तरीत शेळ-मेळावलीला आयआयटी आणायचं ठरलं होतं. लोकांच्या काजूच्या बागा होत्या, पिढ्यानपिढ्या राखलेल्या, पण कागदावर जमीन सरकारची. मग नोटीस कोणाला द्यायची, सोलेशियम कोणाला? सरकारने आपलीच जमीन संस्थेला दिली, असा तो सरळ मामला. जानेवारी २०२१ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, दगड-लाठी झालं, आणि शेवटी सरकारने ती जागा सोडली. प्रकल्प चांगला की वाईट, तो वाद मी घालत नाही. मला एवढंच दिसतं की ज्याच्याकडे कागद आहे त्याला कायद्याची ११४ कलमं आहेत आणि ज्याच्याकडे नुसता घाम आहे त्याला मोर्चा. सत्तरी, सांगे, काणकोणात आल्वारा, मोकासो (जुन्या काळी दिलेल्या जमिनी), वनहक्काचे दावे, हे ज्यांचे अर्ज पडून आहेत त्यांनी प्रकल्प यायची वाट पाहू नये.

पुढचा मुद्दा तुकडा पडण्याचा. रस्ता चौकोनी जमीन घेत नाही, पट्टा घेतो. कायद्यात उरलेल्या जमिनीच्या नुकसानीचीही भरपाई आहे, तुकडे पडल्याची आणि उरलेल्या भागाला बाधा झाल्याची. पण मागितल्याशिवाय ती क्वचितच लिहिली जाते.

फोंडा तालुक्यातल्या एका कुळागराची (पोफळी-माडांची बाग) फाईल माझ्याकडे होती. रुंदीकरणाला जागा गेली फक्त चार मीटर रुंद, कुळागराच्या वरच्या अंगाने. पोफळी गेल्या अकरा, माड दोन, एक जायफळ. निवाड्यात तेरा झाडं आणि एक जायफळ असा हिशेब होता, अगदी चोख. पण त्या चार मीटरांतूनच पाट येत होता. झऱ्यापासून आलेलं पाणी त्या पाटाने फिरून पायरीपायरीने खाली उतरायचं. पाट गेला, तिथे काँक्रीटचं गटार आलं, पाणी गटारातून सरळ ओढ्याला. दुसऱ्या उन्हाळ्यात उरलेल्या पोफळी वरून पिवळ्या पडायला लागल्या, मिरवेल आधीच गळाली होती. घरमालकाने मला झाडं दाखवली नाहीत, रिकाम्या पाटात हात घालून कोरडी माती दाखवली. निवाड्याच्या कागदात 'पाट' हा शब्द एकदाही नव्हता. प्राधिकरणापुढे आम्ही कृषी खात्याच्या निवृत्त माणसाची साक्ष काढली, तेव्हा कुठे बाधेची रक्कम वाढली. रक्कम मिळाली, कुळागर गेलं.

खाजनाचं तर विचारू नका. खाजन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारं दार) यांच्या जिवावर टिकलेलं. त्यातून भराव घालून रस्ता नेला की पाणी एका बाजूला तुंबतं. ज्याची इंचभर जमीन गेली नाही त्याची वायंगण (उन्हाळी भातशेती) बुडते, आणि तो संपादनाच्या यादीतच नसतो. कोकण रेल्वेच्या वेळी हाच वाद पेटला होता, खाजनांतून मार्ग नका नेऊ म्हणून. मडगावच्या पश्चिम बगलमार्गाला बाणावलीच्या लोकांनी भराव नको, खांबांवर घ्या अशी मागणी लावून धरली ती याचसाठी. त्यांच्यावर विकासविरोधी म्हणून शिक्का बसला. माझ्या मते ते स्वतःच्या पाण्याचा हिशेब अभियंत्यापेक्षा बरा मांडत होते. तुमच्या पट्ट्यात शेती आहे म्हणता, तर पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं त्याचा हाताने नकाशा काढा, मोऱ्या कुठे हव्यात त्या खुणा करा, आणि तो हरकतीला जोडा. पैशाच्या मागणीपेक्षा मोरीची मागणी लवकर मान्य होते, हा अनुभव आहे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट लिहिलेली नाही, ती फार महत्त्वाची: संपादन कोणत्या कायद्याखाली आहे? राज्याचा रस्ता असेल तर २०१३ चा कायदा. त्यात सामाजिक परिणाम अभ्यास, गावात जनसुनावणी, हरकतीला ६० दिवस. घराचा फक्त सोपा किंवा ओसरी जात असेल तर पूर्ण घर घ्या असं म्हणण्याचाही हक्क. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा महामार्ग कायदा. तिथे परिणाम अभ्यास नाही, हरकतीला २१ दिवस, आणि घोषणा निघाली की जमीन केंद्र सरकारकडे गेलीच. भरपाईचा हिशेब मात्र २०१५ पासून २०१३ च्या कायद्याप्रमाणेच होतो. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जायचं, आणि लवाद केंद्र सरकारने नेमलेला, बहुधा एखादा अधिकारीच. खरेदीदारानेच पंच नेमायचा, हे मला कधीच पचलेलं नाही. भोमला महामार्ग गावातून नको, बगलमार्ग काढा, असं लोक इतकी वर्षं ओरडले. २१ दिवसांच्या खिडकीत गावाचं म्हणणं बसत नाही म्हणून ते रस्त्यावर येतं.

विजेचा मनोरा असेल तर संपादनही नसतं, जमीन तुमच्या नावावरच राहते आणि तिचा उपयोग जातो. त्यासाठी जून २०२४ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वं काढली, मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेला किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. तुमच्याकडे रस्ताच आहे, म्हणून एवढंच.

मोपा विमानतळाचं उदाहरण तुमच्या तालुक्यात रोज विमानाच्या आवाजाने आठवत असेल. ती जमीन १८९४ च्या जुन्या कायद्याखाली घेतली गेली. त्या कायद्यात सोलेशियम ३० टक्के होतं आणि ग्रामीण गुणक नव्हता. पुनर्वसनाची सक्तीही नव्हती. नव्या कायद्यात अशी तरतूद आहे की संपादित जमीन विकास न करता दुसऱ्याला दिली तर वाढलेल्या किमतीतला ४० टक्के भाग मूळ मालकांना द्यायचा, आणि जमीन ५ वर्षं पडून राहिली तर ती परत मूळ मालकाला किंवा सरकारच्या जमीन बँकेत. त्या 'किंवा'मध्ये सगळं येतं. पठारावर गुरं चारणाऱ्या धनगरांना ना जुन्या कायद्याचा उपयोग झाला ना नव्याचा झाला असता, कारण चराईचा उतारा निघत नाही.

पुनर्वसनाबद्दल बोलायचं तर मे महिन्यात एकदा कुर्डीला जाऊन या. साळावली धरणासाठी गाव उठलं, लोकांना वाडे आणि वालकिणीला वसवलं. पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात, आणि माणसं परत येतात, सोमेश्वराच्या देवळाशी जमतात, आपलं जोतं कुठलं ते मुलांना दाखवतात. धरणाचं पाणी अर्धं गोवा पितं, मीही कोर्टाच्या कामाला मडगावला गेलो की तेच पितो. त्यामुळे धरण नको होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता सही करायची की नाही. ताबा रोखून ठेवता येईल, हा गावातल्या दुसऱ्या तटाचा भ्रम आहे. सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा सरकारचा अधिकार कोर्ट सहसा मोडत नाही. कोर्ट पाहतं ते प्रक्रिया. २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या ३०० अ कलमात (मालमत्तेचा हक्क) सात गोष्टी वाचल्या: नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, रास्त भरपाई, वेळेत आणि रीतसर प्रक्रिया, आणि शेवटी ताबा घेऊन ती पूर्ण करणं. तुम्हाला अन्याय ओळखायचा आहे ना, तर यातलं काय चुकलं ते तारखेसह लिहून काढा. नुसतं 'लुबाडलं' म्हटल्याने न्यायाधीशाच्या हाती काही लागत नाही.

आणि पैसे. चेक नाकारू नका, पण उचलताना पावतीवर आणि वेगळ्या पत्रातही लिहा: 'रक्कम अपुरी असल्याची हरकत राखून स्वीकारत आहे.' ते न लिहिता उचललेत तर पुढे दर वाढवून मागण्याचा दरवाजा बंद. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर असेल तर वाढीव भरपाईचा अर्ज ६ आठवड्यांत जायला हवा. जिल्हाधिकाऱ्याला उशीर माफ करता येतो, पण त्यावर विसंबू नका. पुरेसं कारण सांगता सांगता माणसं म्हातारी झालेली मी पाहिली आहेत. सरकारने ज्यांच्या नावाने रक्कम जमा केली त्या यादीची प्रत घ्या, यादीत पत्नी, बहिणी, कूळ, कोण कोण नाही ते तपासा. तुमच्या अधिसूचनेतल्याच दुसऱ्या कोणाला प्राधिकरणाने दर वाढवून दिला तर अर्ज न केलेल्यांनाही ३ महिन्यांत तो मागता येतो. म्हणून शेजाऱ्याच्या खटल्याची तारीख माहीत ठेवा, त्याच्याशी बोलणं नसलं तरी.

तुमच्या हातातली नोटीस प्राथमिक अधिसूचनेची असेल तर हरकतीला वेळ आहे. दावे मागवणारी असेल तर ती पुढची पायरी, वेळ कमी. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात कलमाचा आकडा असतो, ११ की २१, की महामार्ग कायद्याचं ३-अ. तेवढं आणि एक-चौदाचा ताजा उतारा पाठवा. सात माडांतले किती लागते (फळ देणारे) आहेत तेही मोजून लिहा, मोजणीच्या दिवशी पोयी (फुलोरा) न आलेला माड रोप म्हणून लिहिण्याची पद्धत आहे.